चार मेगाबाइट

बोरवाडी, ता. वाळवा
२ सप्टेंबर १९९६

प्रियंकाताई,

सोबत जाहिरातीचं कात्रण आहे. वाचून परत पाठव. आप्पांच्या आधी पेपर हाती लागला म्हणून मिळालं. दुसरं नाही.

पुण्याची कंपनी आहे. चार जागा. ८ डिसेंबरला, रविवारी परीक्षा. सकाळी लेखी, दुपारी मशीनवर बसवून युनिक्सचं प्रात्यक्षिक. निवडतील त्यांना दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे तिथंच राहून प्रशिक्षण. मधे घरी गेलं तर जागा जाते. वयाची अट अठ्ठावीस. मला जानेवारीत अठ्ठावीस पूर्ण होतात. अर्ज केला आहे. पत्ता माहेरचा दिला आहे.

सांगलीला एम.एस्सी.ला असताना युनिक्सला हात लावला, त्यानंतर नाही. तू एक वर्ष पुढं होतीस. तूच मला शिकवलंस आणि तूच पुढं तुझ्या भावासाठी मला मागणी घातलीस. आता तूच सांग. दिवाळीत तू म्हणाली होतीस की साताऱ्याला तुमच्या कॉलेजात लिनक्सची सीडी आली आहे, फुकट आहे आणि थेट युनिक्ससारखं चालतं. ते आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर बसेल का?

तो कॉम्प्युटर तू पाहिला आहेस. कारखान्याच्या लिलावात आप्पांनी घेतला, तेव्हापासून बैठकीच्या खोलीत भरतकामाच्या कापडाखाली आहे. पाहुणे आले की आप्पा कापड काढतात, दिवा लागलेला दाखवतात आणि बंद करतात.

जयराजना लेहला पलटणीच्या पत्त्यावर लिहिलं होतं. "आप्पा म्हणतील तसं," एवढंच तुझ्या भावाचं उत्तर आलं. आप्पांना विचारलेलं नाही. आईंना सांगितलं आहे. अर्धांगवायूनंतर त्यांना एक वाक्य बोलायला वेळ लागतो. पण हे लगेच म्हणाल्या, "जा की. कवा जायाचं?"

फोन करू नकोस. फोन आप्पांच्या हाताशी असतो.

ताई, ही शेवटची संधी आहे असं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं.

राजेश्वरी


सातारा
९ सप्टेंबर १९९६

प्रिय राजेश्वरी,

कात्रण परत पाठवते आहे. अर्ज केलास, बरं केलंस.

लिनक्स कुठल्याही मशीनवर बसत नाही. बसवायच्या आधी मशीन तपासावं लागतं. लोक इथंच घाई करतात. अर्ध्यात अडकतात आणि आधीचं होतं तेही घालवून बसतात. मला पुढच्या गोष्टी लिहून पाठव. प्रोसेसर कुठला, ३८६ की ४८६. मेमरी किती. हार्ड डिस्क किती मेगाबाइटची आणि तीत रिकामी जागा किती. फ्लॉपीचा ड्राइव्ह लहान फ्लॉपीचा की मोठ्या. मॉनिटर रंगीत असो नसो, चालेल.

मशीन सुरू केलं की पहिल्यांदा काळ्या पडद्यावर आकडे धावतात. तो शेवटी थांबलेला आकडा म्हणजे मेमरी. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. झाकण उघडून बघ. मागं चार-पाच स्क्रू असतात. आत हात घालण्याआधी खिडकीच्या गजाला हात लाव म्हणजे अंगातली वीज निघून जाते. डिस्कवर कागद चिकटवलेला असतो, त्यावरचं सगळं उतरवून घे. अंदाजानं काही लिहू नकोस.

किती असलं म्हणजे पुरतं, ते तुझी यादी आली की सांगते.

आईची पाठ कशी आहे? जखम होऊ देऊ नकोस. माझे तास आठवड्याला चौदा आहेत, नोकरी कायम नाही, म्हणून रजा मागता येत नाही.

तुझी,
प्रियंका


बोरवाडी
२८ सप्टेंबर १९९६

प्रियंकाताई,

उशीर झाला. घर रिकामं होत नव्हतं. परवा गणपती विसर्जनाला सगळे ओढ्यावर गेले तेव्हा उघडला.

आईंचा पलंग बैठकीच्या खोलीला लागून आहे. म्हणाल्या, मला बसव. भिंतीला टेकवून बसवलं. मी स्क्रू काढत होते आणि आतलं दिसत नव्हतं. त्यांनी डावा हात पुढं केला. बॅटरी दिली. शेवटपर्यंत त्यांनी धरली. हात कापत होता, उजेडही कापत होता.

"ह्यात काय हाय गं?"

"पट्ट्या आहेत, आई. तारा आहेत."

"येवढ्या मोठ्या डब्यात येवढंच? फोलपटच म्हणायचं की." मग थोड्या वेळानं, "तुझ्या सासऱ्याला म्हाईत हाय का, आत काय न्हाई ते?"

हसल्या. तोंड एकाच बाजूला हसतं. मीही हसले आणि एक स्क्रू आत पडला. तो काढण्यात पाव तास गेला. वाजंत्री परत येताना ऐकू आली तेव्हा शेवटचा स्क्रू बसवत होते. आप्पा आत आले. आईंच्या हातात बॅटरी पेटलेली, दिवसाउजेडी. "हे काय?" म्हणाले. आई म्हणाल्या, "देव गेला. अंधार वाटला म्हून लावली."

तपशील असे. प्रोसेसर ३८६. पडद्यावर आकडा ४०९६ ला थांबतो. आत चार पट्ट्या आहेत, म्हणजे एकेक मेगाबाइटच्या चार. मेमरी चार मेगाबाइट. डिस्क १२० मेगाबाइटची, शंभर रिकामी आहे. कारखान्याच्या जुन्या पत्रांखेरीज आत काही नाही. ती आप्पांनी कधी उघडली नाहीत. ड्राइव्ह लहान फ्लॉपीचा. गजाला हात लावला होता. अंदाजानं काही लिहिलेलं नाही.

आता सांग.

राजेश्वरी


सातारा
८ ऑक्टोबर १९९६

प्रिय वहिनी,

तुझी यादी मिळाली. इतकी नीट यादी आमच्या कॉलेजातला एकही विद्यार्थी देणार नाही.

प्रोसेसर चालेल. डिस्क चालेल. ड्राइव्ह चालेल. मेमरी मात्र कमी पडते. किमान आठ मेगाबाइट लागते. चारवर बसत नाही. मी सीडीवरचा कागद पुन्हा वाचून खात्री केली.

फार वाईट वाटलं. पण अशा कंपन्या आता दरवर्षी निघणार आहेत. वयाची अट सगळेच लावतात असं नाही.

आप्पांचं पत्र आलं होतं. आई तुझ्याखेरीज कुणाच्या हातून घास घेत नाही असं लिहिलं आहे. कामाच्या मनुबाईला दोन दिवस लावून पाहिलं तर आईनं तोंड मिटून घेतलं. आमची इथली खोली तू पाहिली आहेस. सासूबाई आणि आम्ही दोघं, मधे एक पडदा. पलंग टाकायला जागा नाही. आई तुझ्याजवळ आहे म्हणून मला इथं झोप लागते, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तब्येतीला जप.

प्रियंका


बोरवाडी
१४ ऑक्टोबर १९९६

प्रियंकाताई,

आठ लागते तर आठ करू. मला चार पट्ट्या पाठव. तुमच्या कॉलेजात जुनी मशिनं उघडी पडली आहेत असं तू सांगितलं होतंस. त्यांतल्या काढ. पोत्यात गुंडाळून नाही, कापसात पाठव. ८ डिसेंबर झाला की त्याच कापसात परत येतील.

नाही मिळाल्या तर कुणाला विचारायचं ते सांग. मी विचारते. मी कुणालाही विचारते.

पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला आहे. आईंना भरवून झालं की त्यावर बोटं फिरवते. आज्ञा टाइप करते आणि उत्तर काय येईल ते वहीत लिहिते. चूक केली तर समोरून कुणी चूक म्हणत नाही. पुठ्ठा सगळं बरोबरच धरतो. हे असं शिकून परीक्षेला बसता येत नाही, ताई.

आप्पांना कळलं. माहेरचा निरोप घेऊन आलेल्या माणसानं बैठकीतच सांगितलं, पुण्याहून परीक्षेचा कागद आलाय म्हणून. आप्पा ओरडले नाहीत. पाहुण्यांदेखत म्हणाले, "आमच्या सूनबाई पुण्याला निघाल्यात. म्हातारीला बी डब्यात घालून न्या म्हणावं." सगळे हसले. मी चहा दिला.

आई आतून ओरडल्या. शब्द काही कळला नाही कुणाला.

पट्ट्या पाठव.

राजेश्वरी


सातारा
२ नोव्हेंबर १९९६

प्रिय वहिनी,

कॉलेजात जादा पट्ट्या नाहीत. जुन्या मशिनांतल्या तुझ्या मशीनला बसणार नाहीत. चौकशी करून पाहिली.

दिवाळीला येणं जमत नाही. आईसाठी मऊ सुती लुगडं पाठवते आहे.

प्रियंका


बोरवाडी
२० नोव्हेंबर १९९६

प्रियंकाताई,

लुगडं आईंना आवडलं. आता बाकीचं.

गेल्या शुक्रवारी आईंच्या औषधाला इस्लामपूरला गेले होते. स्टँडजवळ एक कॉम्प्युटर क्लास आहे. महेंद्र सर म्हणून चालवतात, कोरेगावचे आहेत. मी दारात चपला काढून उभी राहिले आणि विचारलं, लिनक्सला आठ मेगाबाइट लागते, माझ्याकडे चारच आहे, आणखी चार पट्ट्या कुठं मिळतील? ते म्हणाले, "बाई, आठ कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी एक कागद छापून दिला. सोबत आहे. खूण केली आहे ती ओळ बघ. किमान चार. चार असेल तर आधी डिस्कचा एक तुकडा मेमरी म्हणून वापरायला द्यायचा आणि मग पुढं जायचं. हळू चालतं. चित्रं दिसत नाहीत. मला चित्रं नकोतच.

तुमच्याकडच्या सीडीवर हाच कागद आहे म्हणाले. तुझ्या नजरेतून ती ओळ सुटली असेल. तुला किती कामं असतात. पण ताई, सहा आठवडे गेले.

त्यांच्याजवळ सुरुवातीच्या दोनच फ्लॉप्या होत्या, त्या दिल्या. शनिवारी आप्पा कारखान्याच्या मीटिंगला गेले तेव्हा पहिली घातली. ड्राइव्ह खरडल्यासारखा वाजला. फ्लॉपी वाचली नाही. बाहेर काढली तर कडेला पिवळं. पुन्हा झाकण काढलं, पुन्हा आईंनी बॅटरी धरली. ड्राइव्हच्या आत हळद, कुंकू आणि तांदळाचे तीन दाणे.

खंडेनवमीला आप्पांनी ट्रॅक्टरची, मोटरसायकलची आणि कॉम्प्युटरची पूजा केली होती. ट्रॅक्टरला गंध कुठं लावायचं ते त्यांना ठाऊक आहे. याला तोंड कुठलं ते बघत होते. फट दिसली. तिथं चिमटीनं हळदकुंकू सोडलं, अक्षता घातल्या आणि हात जोडले. मी स्वयंपाकघरात होते.

आईंना सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या तोंडात कवा असा घास न्हाई घातला त्यानं."

आईंच्या इंजेक्शनचं स्पिरिट आणि कापूस घेऊन तीन दिवस पुसत होते. काल फ्लॉपी वाचली. काळ्या पडद्यावर ओळी वर चढत गेल्या. त्यात एक ओळ मेमरीची होती. चार मेगाबाइट लिहिलं आणि थांबलं नाही, पुढं गेलं.

आता दुसरी फ्लॉपी संपल्यावर तिसरी मागतं. एकंदर चोवीस लागतात. उरलेल्या बावीस सीडीवरून काढाव्या लागतील आणि सीडी वाचणारं मशीन मला माहीत आहे ते एकच, तुझ्या कॉलेजातलं.

अठरा दिवस राहिले. ताई, पाया पडते. पाठव.

राजेश्वरी


सातारा
२८ नोव्हेंबर १९९६

राजेश्वरी,

ती ओळ माझ्या नजरेतून सुटली नव्हती. तुला पहिलं उत्तर लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी तो कागद वाचला. किमान चार. मला पाठ आहे.

तुझी यादी येईपर्यंत आकडा सांगायचा नाही असं मी ठरवलं. तुझ्याकडे आठ असती तर मी सोळा लिहिलं असतं. हे लिहिताना माझा हात थांबला नाही. तेव्हाही थांबला नव्हता.

तू गेलीस तर आई माझ्याकडे येते, नाहीतर मी तिच्याकडे जाते. तास सुटले तर पुन्हा मिळत नाहीत. खोलीत पलंग मावत नाही. सासूबाई काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. मी सगळं मोजलं. तुझी पाच वर्षं तेवढी मोजली नाहीत. तुला त्या घरात मी आणलं. आईला बरी सून मिळावी म्हणून कॉलेजातली सगळ्यांत हुशार मुलगी निवडली, असं मी लोकांना सांगत आले.

बावीस फ्लॉप्या सोबत आहेत. त्या आत्ता काढलेल्या नाहीत. तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात चोवीसही काढून ठेवल्या होत्या, मग कागद वाचला. बुटाच्या खोक्यात कपाटावर होत्या. काल सगळ्या पुन्हा तपासल्या. नववी खराब झाली होती, ती नवी काढली.

रजिस्टर करते आहे. वेळेत पोचाव्यात.

काही मागत नाही.

प्रियंका


बोरवाडी
५ डिसेंबर १९९६, गुरुवार

प्रियंकाताई,

पोस्टानं पोचणार नाही म्हणून हे साताऱ्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे. स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये ठेवेल, तिथला माणूस तुझ्या घरी आणून देईल.

पार्सल मंगळवारी आलं. बावीसही वाचल्या. काल दुपारी मशीननं माझं नाव विचारलं. मी दिलं. आप्पा दारात उभे होते. कापड त्यांच्या हातात होतं. मी उठले नाही. ते परसात गेले. कापड घेऊनच गेले.

काल आणि आज मिळून अकरा तास बसले. बोटांना पुष्कळसं आठवतं. चुकलं की मशीन चूक म्हणतं. बरं वाटलं.

तुझं पत्र एकदा वाचलं. पुन्हा वाचायला वेळ नाही. रागही नंतर येईल, त्यालाही आत्ता वेळ नाही.

शनिवारी सकाळी नऊच्या गाडीनं मला निघायचं आहे. तू आठच्या आत इथं ये. तू आली नाहीस तर मी जाणार नाही. आईंना असं टाकून मला जाता येणार नाही, तुलाच यावं लागेल, हे तुला सप्टेंबरमध्येही ठाऊक होतं, म्हणून तर तू आकडा वाढवलास.

आल्यावर बोलायला वेळ मिळणार नाही म्हणून लिहिते. त्यांना पातळ आणि घोटलेलं लागतं. आधी बसवायचं. हनुवटी खाली, घास डाव्या गालात. गिळल्याचं गळ्यावर दिसतं. ते दिसल्याशिवाय दुसरा घास द्यायचा नाही. घाई केली तर ठसका लागतो आणि मग त्या घाबरतात. दर दोन तासांनी कूस बदलायची.

पास झाले तर तीन आठवडे येणार नाही. पुढचंही तेव्हाच ठरवावं लागेल. तेवढी तयारी करून ये.

राजेश्वरी


बोरवाडी
१४ डिसेंबर १९९६

प्रिय राजेश्वरी,

तुझा फोन सोमवारी आप्पांनी घेतला. "बरं," म्हणाले आणि ठेवला. मग बऱ्याच वेळानं आईला म्हणाले, "चारात नंबर आला तिचा." आईनं डावा हात वर केला. खाली घेतलाच नाही, मी घेतला.

इकडची काळजी करू नकोस. आई जेवते. पहिल्या दिवशी जरा कुरकुर केली, आता सवय झाली. सकाळी पेज, दुपारी घोटलेला वरणभात, संध्याकाळी पुन्हा पेज. पाठ कोरडी आहे. कूस दर दोन तासांनी बदलते.

कॉलेजला कळवलं आहे. तास दुसऱ्या कुणाला दिले तर देऊ देत.

मधे येऊ नकोस. कुणी काही निरोप दिला तरी येऊ नकोस. मी इथं आहे.

तुझी,
प्रियंका


बोरवाडी
१४ डिसेंबर १९९६

चि. जयराज,

हे पत्र लेहला पोचेपर्यंत काय झालेलं असेल मला माहीत नाही. खरं असेल ते तुला लिहिते.

रविवारी मी आईला भरवताना घाई केली. घास गिळला की नाही ते न बघता दुसरा दिला. तिला ठसका लागला, चेहरा काळानिळा झाला. तेव्हापासून ती माझ्या हाताला घाबरते. चमचा जवळ आला की तोंड मिटतं. ती हट्टानं करत नाही. तोंड आपोआप मिटतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. सहा दिवसांत चार-पाच वाट्या पेज पोटात गेली असेल. आप्पांनी भरवून पाहिलं. मनुबाईनं पाहिलं. इस्लामपूरचे डॉक्टर काल येऊन गेले. नाकातून नळी घालू म्हणाले. आईनं नळी हातानं उपसून काढली.

तू रजा माग. मिळाली तर लगेच निघ. राजेश्वरीला यातलं काही लिहू नकोस. तिला समजलं तर ती त्याच दिवशी परत येईल आणि जागा जाईल. मी तिला आई जेवते असं लिहिलं आहे. तूही तसंच लिही.

मला हे जमत नव्हतं. खोटं लिहून एकदा तिला इथं अडकवलं आहे, ते तुला तीच कधीतरी सांगेल. पुन्हा तेच करायला पेन उचलवेना. आज सकाळी मी आईच्या उशाशी कागद घेऊन बसले आणि विचारलं, बोलावू का तिला? ये म्हणून लिहू?

आईनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मी कान जवळ नेला.

"लिव्ह," म्हणाली. "जेवली म्हून लिव्ह."

प्रियंका